मंगळावरच्या दगडांना धार कोण लावतं? क्युरिऑसिटीच्या फाटलेल्या चाकांचं प्रकरण

डिसेंबर २०१३. मंगळावरच्या गेल विवरात उतरून नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरला सव्वा वर्ष होऊन गेलं होतं. आपल्या यांत्रिक हाताच्या टोकावरचा कॅमेरा खाली वळवून तो अधूनमधून स्वतःच्याच चाकांचे फोटो काढायचा. चाकांना पोचे येणार, एखाददुसरं भोक पडणार, हे रोव्हर चालवणाऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण त्या सुमाराचे फोटो पाहिल्यावर झीज गेल्या महिन्याभरात अचानक वाढली आहे, हे त्यांना जाहीरपणे सांगावं लागलं. डाव्या पुढच्या चाकाचा पत्रा तर चक्क फाटला होता.

या गाडीचा जास्तीत जास्त वेग ताशी दीडशे मीटरही भरत नाही. गोगलगायीशी शर्यत लावावी अशी ही चाल. ना धडक, ना उडी, ना अपघात. गाडी सावकाश दगडावर चढली, आणि जागच्या जागी बसलेल्या त्या दगडानं धातूचं चाक फाडलं. चाक कमजोर होतं, हे या प्रकरणाचं अर्धंच उत्तर आहे. मला त्यात जास्त रस वाटतो तो दगडाच्या बाजूनं. असा दगड घडतो कसा, आणि पृथ्वीवर तो इतका दुर्मीळ का?

आधी चाक

चाकाचा व्यास ५० सेंटिमीटर, रुंदी ४० सेंटिमीटर. प्रत्येक चाक अॅल्युमिनियमच्या एकाच ठोकळ्यातून कोरून काढलेलं. जमिनीला टेकणारा पत्रा फक्त ०.७५ मिलिमीटर जाड. त्यावर १९ नागमोडी धावा, म्हणजे उंचवट्याच्या आडव्या पट्ट्या, पत्र्यापासून साधारण पाऊण सेंटिमीटर वर आलेल्या. रोव्हरचा बराचसा भार या धावाच पेलतात. दोन धावांच्या मधला पत्रा मात्र तसा उघडाच.

इतका पातळ पत्रा वापरण्याचं कारण वजन. गणित सोपं आहे. चाकाचा परीघ १.५७ मीटर, रुंदी ०.४ मीटर, मिश्रधातूची घनता घनमीटरला सुमारे २८०० किलो. पत्रा एक मिलिमीटरनं जाड केला तर एका चाकाचं वजन पावणेदोन किलोनं वाढतं आणि सहा चाकांचं मिळून साधारण साडेदहा किलोनं. मंगळाकडे निघालेल्या यानात दहा किलो म्हणजे एखाद्या अख्ख्या वैज्ञानिक उपकरणाचं वजन. शिवाय हा रोव्हर दोरांना लटकत थेट याच चाकांवर उतरणार होता, त्यामुळे चाकांचा प्रत्येक ग्रॅम आधीच भांडून मिळवलेला होता.

आता भार पाहू. रोव्हरचं वस्तुमान ८९९ किलो आणि मंगळाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के. म्हणजे एका चाकावर सरासरी ५५० न्यूटनच्या आसपास भार येतो, पृथ्वीवर ५६-५७ किलोच्या वस्तूचा येईल तेवढा. तो तळहाताएवढ्या जागेवर पसरला तर पत्र्याला काहीही होत नाही. पण हाच भार एक चौरस मिलिमीटरच्या टोकावर आला, तर दाब ५५० मेगापास्कलवर जातो. चाकाच्या ७०७५ जातीच्या मिश्रधातूची सहनशक्ती त्याच्या अलीकडेच संपते. हिशेब ढोबळ आहे, कारण प्रत्यक्षात पत्रा आधी वाकतो, पुन्हापुन्हा वाकून थकतो आणि मग चिरतो. पण टोक किती बारीक आहे यावर सगळा खेळ आहे, एवढं त्यातून कळतं.

त्यात भर पडली ती चाकांच्या आपसांतल्या रेटारेटीची. सहाही चाकं एका वेगानं फिरत असताना पुढचं चाक दगडाला अडलं, तर बाकीची त्याला मागून रेटत राहतात. दगड सुटा असता तर बाजूला सरकला असता किंवा मातीत दबला असता. हे दगड तसे नव्हते. ते टोक वर करून, जमिनीत सिमेंटनं बसवल्यासारखे घट्ट रोवलेले होते. धारदार दगड मंगळावर आधीही दिसले होते. पण १९७६ चे व्हायकिंग, १९९७ चा पाथफाइंडर, २००४ चे स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी यांनी दाखवलेला मंगळ मुख्यतः वाळूचा, सुट्या दगडांचा आणि सपाट फरशांचा होता. चाकाच्या चाचण्या त्याच मंगळासाठी झाल्या होत्या.

त्याच विवरातले गोटे

गंमत अशी, की याच रोव्हरनं उतरल्यावर पहिल्या दोन महिन्यांतच अगदी उलट स्वभावाचे दगड पाहिले होते. सप्टेंबर २०१२ मध्ये त्याला एक उखडलेला थर सापडला. वाळूत घट्ट बसलेले गोल गोटे, काही मिलिमीटरपासून चार सेंटिमीटरपर्यंतचे. इतका जड खडा वारा उचलून नेऊ शकत नाही, आणि गडगडल्याशिवाय खडा गोल होत नाही. तेव्हा तिथून प्रवाह वाहत होता, घोट्यापासून कमरेपर्यंत खोल आणि साधारण माणसाच्या संथ चालीच्या वेगाचा. दुसऱ्या ग्रहावरच्या नदीचा हा पुरावा रोव्हरनं जमिनीवर उभं राहून पाहिलेला.

म्हणजे १५४ किलोमीटर रुंदीच्या एकाच विवरात, रोव्हरच्या काही किलोमीटरच्या प्रवासात, एकीकडे नदीतले गोटे आणि दुसरीकडे सुऱ्यासारखी टोकं. दोन्ही क्षरणाचीच कामं. फरक आहे तो कारागिरात आणि काळात. गोटे घडले अब्जावधी वर्षांपूर्वी, पाणी वाहत होतं तेव्हा. टोकं घडली पाणी गेल्यानंतर, आणि ती आजही घडत आहेत.

शाळेत विदारण आणि क्षरण हे धडे पाठोपाठ येतात, म्हणून डोक्यात त्यांची गल्लत होते. विदारण म्हणजे खडक जागच्या जागी फुटणं, कुजणं, सैल होणं. क्षरण म्हणजे तो घासला जाणं आणि त्याचा भुगा तिथून वाहून नेला जाणं. पृथ्वीवर ही जोडी हातात हात घालून चालते. मंगळावर यातला विदारणाचा हात जवळपास लुळा पडला आहे. सगळं प्रकरण तिथून सुरू होतं.

धार लावणारा आहे, बोथट करणारा नाही

आधी पृथ्वीवरचा एखादा चौकोनी दगड घेऊ. पाऊस पडतो, पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ते किंचित आम्ल होतं आणि दगडातली खनिजं हळूहळू मातीत बदलू लागतात. हा हल्ला सपाट बाजूवर एकाच दिशेनं होतो, कडेवर दोन दिशांनी आणि कोपऱ्यावर तीन दिशांनी. त्यामुळे कोपरे सगळ्यात आधी जातात, मग कडा जातात. काही न करता नुसता पडून राहिलेला दगडही पृथ्वीवर गोल होत जातो. त्यात शेवाळ आणि मुळं शिरतात, पाणी गोठून फटी रुंदावतं, आणि उतारावरून तो ओढ्यात पडला की उरलेले कोपरे आपटून आपटून जातात. आपल्या डोळ्यांसमोर जे ‘दगडासारखं’ रूप येतं, ते प्रत्यक्षात पाण्यानं दिलेलं रूप आहे. ते दगडाचं मूळ रूप नव्हे, हे आपल्या लक्षातही येत नाही.

आता हा दगड गेल विवरात ठेवा. दिवसा तापमान शून्याच्या आसपास, रात्री उणे ७० ते ८० अंश. रोजच्या या ओढाताणीत दगड तडकतो. पण तडकणं म्हणजे नवीन कोपरे तयार होणं. हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी असल्यामुळे द्रवरूप पाणी जमिनीवर टिकत नाही. कोपरा खाणारं रसायन नाही, गडगडवणारा ओढा नाही, मूळ घालणारं झाड नाही. उरतो तो वारा.

आणि वाऱ्याची कामाची पद्धत वेगळी आहे. तो वाळूचे कण घेऊन ठरावीक दिशांनी येतो. कण उड्या मारत जमिनीलगत जातात आणि दगडाच्या समोरच्या अंगावर आदळत राहतात. त्या अंगाचा हळूहळू एक सपाट, तिरका पैलू बनतो. दुसऱ्या ऋतूत वाऱ्याची दिशा बदलली की दुसरा पैलू. दोन पैलू भेटतात तिथे धार, तीन भेटतात तिथे टोक. वाऱ्यानं असे पैलू पाडलेल्या दगडाला भूशास्त्रज्ञ व्हेंटिफॅक्ट म्हणतात. पृथ्वीवरही ते असतात. अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांमध्ये आणि अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात त्यांची उत्तम उदाहरणं आहेत. पण पृथ्वीवर वाऱ्यानं लावलेली धार पुढचा पाऊस, पुढचं दव, पुढचं गोठणं थोडं थोडं मोडत असतं. मंगळावर कारागीर एकच आहे, आणि त्याचं काम मोडणारं कुणी नाही.

त्यात खडकाचे थर सारखे नसतात. कठीण थराखालचा मऊ थर वारा आधी पोखरतो. वरचा कठीण तुकडा टोपीसारखा शिल्लक राहतो, त्याच्या कडा मोकळ्या होतात, पण बुंधा खालच्या खडकात पक्का असतो. क्युरिऑसिटीच्या चाकाखाली आले ते हेच, पायाशी घट्ट आणि माथ्याला टोकदार.

पण मंगळाच्या वाऱ्यात इतका जोर आहे का?

ही शंका रास्त आहे. मंगळाच्या हवेची घनता घनमीटरला साधारण ०.०२ किलो, पृथ्वीची १.२. म्हणजे साठपट विरळ. वाऱ्याचा रेटा घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून मंगळावरचा ताशी १०० किलोमीटरचा वारा अंगाला आपल्या ताशी १३ किलोमीटरच्या झुळकीएवढाच लागेल. अशा झुळकीनं वाळू हलत नाही, दगड कोरणं तर दूरच. एकेकाळी बऱ्याच जणांना मंगळावरच्या वाळूच्या टेकड्या जुन्या, थिजलेल्या वाटायच्या त्या यामुळेच.

उत्तर मिळालं ते प्रत्यक्ष पाहण्यातून. गेल विवराच्या मधोमध उभ्या असलेल्या शार्प पर्वताच्या पायथ्याशी गडद वाळूच्या टेकड्यांची एक रांग आहे. वाळवंटात राहून वाळूच्या हालचालीचं भौतिकशास्त्र उभं करणारे राल्फ बॅगनॉल्ड यांचं नाव तिला दिलेलं आहे. कक्षेतून काढलेल्या फोटोंची तुलना केल्यावर दिसलं, की त्यातल्या काही टेकड्या पृथ्वीच्या एका वर्षात एक मीटरपर्यंत सरकतात. २०१५ च्या अखेरीस क्युरिऑसिटी त्यांच्यापाशी पोहोचला. दुसऱ्या ग्रहावरच्या जिवंत, सरकत्या वाळूच्या टेकडीचा जवळून अभ्यास झाला तो तिथे.

मंगळावर पहिला कण हलवणं अवघड आहे, पण एकदा हलला की थांबवणंही अवघड. गुरुत्वाकर्षण कमी आणि हवेचा विरोध नगण्य, म्हणून कण उंच आणि लांब उडी मारतो, पडताना जोरात आदळतो आणि चार कणांना उडवतो. एका झोताची सोबत मिळाली की रांग चालू राहते. ही वाळूही क्वार्ट्झची नाही, काळ्या ज्वालामुखी खडकाची, ऑलिव्हीन आणि पायरॉक्सीन ही खनिजं असलेली. पृथ्वीच्या दमट हवेत ऑलिव्हीन फार टिकत नाही, लवकर कुजतं. मंगळावर मात्र त्याचीच वाळू होऊन तीच दगड घासते. विदारण सुस्तावल्याची याहून बोलकी खूण मला तरी सुचत नाही.

आणि मुख्य म्हणजे, घाई कुणालाच नाही. २०१३ मध्ये रोव्हरनं यलोनाइफ बे नावाच्या जागी भोक पाडून चिखलदगडाची भुकटी काढली आणि आपल्या पोटातल्या प्रयोगशाळेत तापवली. पोटॅशियम आणि अरगॉनच्या प्रमाणावरून खडकातल्या सामग्रीचं वय निघालं सुमारे ४२१ कोटी वर्षं. दुसरी मोजणी त्याहून मजेची. वैश्विक किरण जमिनीत दोनेक मीटरच शिरतात आणि तिथल्या खडकात हीलियम-३, निऑन-२१ असे वायू तयार करतात. हे वायू किती साठलेत यावरून खडक उघडा पडून किती काळ झाला ते कळतं. उत्तर आलं सुमारे ८ कोटी वर्षं, तीन कोटी इकडेतिकडे. त्याआधी तो वरच्या खडकाच्या पांघरुणाखाली होता, आणि जवळचा छोटा कडा वाऱ्यानं खात खात मागे सरकवला तेव्हा तो उघडा पडला.

८ कोटी वर्षांत काही मीटर. याच काळात पृथ्वीवर भारताचा तुकडा आशियावर आदळला आणि हिमालय उभा राहिला. खंडांची झीज दहा लाख वर्षांत वीस-तीस मीटर या ढोबळ वेगानं होते असं धरलं, तर पृथ्वीवरचा तसाच कडा एवढ्या काळात दोनेक किलोमीटर खडक खर्ची पडून नकाशावरून पुसला गेला असता. आणि यलोनाइफ बे हे मंगळाच्या मानानं चपळ ठिकाण म्हणायचं. पाथफाइंडर उतरला त्या पठारावरचा झिजण्याचा वेग वर्षाला नॅनोमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास काढला गेला आहे, म्हणजे वर्षाला अणूच्या जाडीएवढंही नाही.

क्षरण इतकं मंद असेल तर जमीन बोथट, मऊसूत असायला हवी, असं आपल्याला उगाचच वाटतं. माझंही तसंच व्हायचं. ‘कमी झीज’ ऐकलं की डोळ्यांपुढे शांत, गोलसर चित्र यायचं. खरं तर गोलाई हीच भरपूर झिजेची निशाणी आहे.

हेच चाक इतरत्र फिरवलं असतं तर

चंद्रावर ते बहुधा शाबूत राहिलं असतं. तिथे हवा नाही आणि पाणीही नाही. विदारण करतात ते सूक्ष्म उल्का आणि सौरवारा, तेही अब्जावधी वर्षं, म्हणून वरचा थर पिठासारखा. १९७१-७२ मध्ये अपोलोच्या तीन मोहिमांत तारेच्या जाळीच्या चाकांवर मिळून ९० किलोमीटर गाडी फिरली. पण त्या पिठाचा प्रत्येक कण काचेच्या कपचीसारखा, कारण त्याला गोल करणारं तिथे कुणीच नाही. त्यानं चाकांना सोडलं आणि अंतराळवीरांच्या पोशाखांना, सांध्यांना, सीलना धरलं. धार आहेच, फक्त आकार बारीक.

शनीच्या टायटन या चंद्रावर चित्र पार उलटं. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स यान तिथे उतरलं तेव्हा समोर गोटे पडलेले दिसले, गोलसर, बहुतेक १५ सेंटिमीटरच्या आतले. तापमान उणे १७९ अंश. गोटे पाण्याच्या बर्फाचे, त्या थंडीत दगडासारखेच कठीण, आणि त्यांना घासणारा प्रवाह द्रवरूप मिथेनचा. खाली उतरताना यानानं झाडाच्या फांद्यांसारखे नदीमार्गही टिपले होते. पदार्थ सगळे बदलले, तापमान जवळपास दोनशे अंशांनी घसरलं, तरी पाऊस पडतो आणि ओढा वाहतो म्हटल्यावर दगडाचा गोटा होतोच. मंगळाहून टायटन आपल्याला ओळखीचा वाटतो तो यामुळे.

शुक्राबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. १ मार्च १९८२ रोजी उतरलेलं सोव्हिएत यान व्हेनेरा १३ तिथल्या ४५७ अंशांत १२७ मिनिटं टिकलं आणि त्यानं सपाट फरशा दाखवल्या. चाकाचा प्रश्न येण्याआधी गाडीच संपली असती.

पुढे काय झालं

रोव्हर चालवणाऱ्या नासाच्या पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेच्या आवारात टोकदार दगड जमिनीत पक्के बसवून त्यावर चाकं फिरवून पाहण्यात आली. उलटं चालवलं, म्हणजे चाकं ढकलली न जाता ओढली गेली, तर मार कमी बसतो हे कळलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये रोव्हर वाट वाकडी करून डिंगो गॅप नावाच्या खिंडीतली मीटरभर उंच वाळूची टेकडी ओलांडून मऊ जमिनीच्या दरीत उतरला, आणि त्याच महिन्यात एका दमात शंभर मीटर उलट्या पावली चालला. रस्ता ठरवण्याची रीतच पालटली. आता कक्षेतले फोटो पाहताना चालकांच्या शेजारी भूशास्त्रज्ञ बसून विचारायचे, हा थर कोणता, आणि वारा त्याचं काय करतो?

मार्च २०१७ मध्ये डाव्या मधल्या चाकाच्या दोन धावा तुटलेल्या आढळल्या. तोवर रोव्हर १६ किलोमीटर चालला होता. त्याच वर्षी नवी संगणकप्रणाली पाठवली गेली. दगडावर चढणाऱ्या चाकाच्या गतीनुसार ती बाकीच्या चाकांचा वेग जुळवून घेते, म्हणजे रेटारेटी थांबते. चाचण्यांत पुढच्या चाकांवरचा ताण सुमारे २० टक्क्यांनी आणि मधल्यांवरचा ११ टक्क्यांनी कमी झाला. दर ५०० मीटरला होणारी चाकांची तपासणी पुढे दर १००० मीटरवर आणता आली. अगदीच वेळ आली तर पत्रा गेलेल्या चाकाच्या नुसत्या कड्यावरही गाडी चालते, हेही पृथ्वीवर तपासून ठेवलेलं आहे.

मार्च २०२२ मध्ये मात्र दगडांनी पुन्हा गाठलं. ग्रीनह्यू पेडिमेंट या उताराच्या वाळूदगडावरून वाट काढायची होती. तिथे पोहोचल्यावर समोर पसरली होती सुसरीच्या पाठीसारखी जमीन, नजर जाईल तिथवर वाऱ्यानं कोरलेली पाती. हा वाळूदगड म्हणजे मुळात प्राचीन वाळूच्या टेकड्याच, थिजून दगड झालेल्या. म्हणजे वाऱ्यानंच एकेकाळी आणून टाकलेली वाळू आता वाराच धार लावून परत देत होता. चालणं अशक्य नव्हतं, पण चाकांचं आयुष्य त्यात गेलं असतं. दुधानं तोंड पोळलेलं होतं. रोव्हर वळवला आणि दुसऱ्या वाटेनं पर्वत चढू लागला. २०२४ पर्यंत त्याच फाटक्या चाकांवर त्यानं ३० किलोमीटरचा टप्पा मागे टाकला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये जेझेरो विवरात उतरलेल्या पर्सिव्हिअरन्सला चाकं मिळाली ती या अनुभवानंतरची. व्यास थोडा मोठा, रुंदी कमी, पत्रा जाड आणि नागमोडीऐवजी किंचित वळणाच्या ४८ धावा. ती नीट चालली आहेत. फक्त फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच्या डाव्या पुढच्या चाकात एक दगड शिरला आणि बाहेरच पडेना. मे संपेपर्यंत तो चाकात गडगडत साडेआठ किलोमीटर गेला, आणि पुढेही कित्येक महिने जात राहिला. जेझेरोत एकेकाळी नदी येऊन मिळत होती, तिथे तिनं त्रिभुज प्रदेश रचला आहे. ती आटल्यापासून तिथल्या दगडांना असं गडगडायला फारसं कुणी नेलं नव्हतं.